वेरूळ कुणी कोरलं, कापूस कुणी वेचला

विदर्भातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी पानठेल्यापाशी उभं राहा, पोरांच्या मोबाईलवर दोन तऱ्हेचे व्हिडिओ हमखास दिसतात. एकात वेरूळचं कैलास लेणं किंवा इजिप्तचे पिरॅमिड दाखवतात आणि भारदस्त आवाजात विचारतात, त्या काळच्या माणसाच्या हातून एवढं काम होणं शक्य आहे का? उत्तरही तेच देतात: कुठल्या तरी दूरच्या ग्रहावरून प्रगत पाहुणे आले होते, हे त्यांचं काम. दुसऱ्या व्हिडिओत कोट घातलेला वक्ता स्टेजवर फेऱ्या मारत सांगत असतो, की मेहनत करणाऱ्याच्या घरी पैसा चालत येतो आणि ज्याच्या घरी आला नाही त्याची मेहनत कमी पडली. समोरची पोरं टाळ्या वाजवतात.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. पहिली गोष्ट राबणाऱ्याचं काम त्याच्या नावावरून काढून टाकते. दुसरी त्याची गरिबी त्याच्याच नावावर चढवते. आमच्या भागात बहुतेक घरं हातांच्या कामावर चालतात, आणि तिथली पोरं रोज रात्री हेच ऐकत झोपी जातात. म्हणून यावर स्पष्ट बोललं पाहिजे.

आधी आकाशातल्या पाहुण्यांबद्दल. दुसऱ्या ग्रहांवर जीव असेल का, हा प्रश्न खरा आहे, मोलाचा आहे आणि त्यावर जगभर गंभीर संशोधन चालू आहे. मी त्याच्या विरोधात नाही. माझा विरोध आहे तो प्राचीन इमारती पाहून ‘हे माणसाचं काम नव्हे’ असं म्हणण्याला. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने १९६८ मध्ये एक पुस्तक लिहून ही कल्पना घरोघरी पोचवली. तेव्हापासून तेच दाखले फिरत आहेत: पिरॅमिड, पेरूतल्या नाझ्का रेषा, माया लोकांची शिल्पं. युरोपातल्या मध्ययुगीन कॅथेड्रलांचे गगनाला भिडलेले दगडी मनोरे पाहून मात्र ‘हे पाहुण्यांनी बांधलं’ असं सहसा कुणी म्हणत नाही. तिथे गवंड्यांचं कौतुक होतं. शंका येते ती इजिप्तच्या, पेरूच्या, भारताच्या कारागिराबद्दल. आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंतींबद्दल हेच झालं. तिथल्या गोऱ्या राज्यकर्त्यांना त्या काळ्या माणसांनी उभारल्या हे मान्यच होत नव्हतं. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी उत्खनन करून त्या स्थानिक आफ्रिकी लोकांच्याच असल्याचं सांगितलं, तरी कित्येक वर्षं ते नाकारलं गेलं. हा नकार कुठून येतो ते यावरून कळावं.

आमच्याकडे आकाशातून पाहुणा खरोखर आलेला आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. तो ज्वालामुखीचा खड्डा असावा असं म्हणणारे अभ्यासकही पूर्वी होते. मग विवरातले खडक काढून तपासले गेले. प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होणारं काचेसारखं द्रव्य त्यांत सापडलं, ते संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि इथे उल्काच आदळली हे पक्कं झालं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं दिसलं. दगड फोडून पाहायचा, पाणी तपासायचं आणि मग बोलायचं, ही रीत. लवणासुर राक्षसाची कथा लोणारमध्ये पिढ्यानपिढ्या सांगतात, तिच्याशी माझं भांडण नाही. हेमाडपंती देऊळ एका रात्रीत उभं राहिलं आणि कोंबडा आरवला म्हणून कळस राहून गेला, हे आजी सांगते तेव्हा ती पुरावा म्हणून सांगत नसते. व्हिडिओवाला विज्ञानाचा आव आणून सांगतो, आणि ऐकणारा पोरगा ते विज्ञान समजूनच ऐकतो.

पिरॅमिड बांधणाऱ्यांचं काय झालं ते आता पुष्कळ माहीत आहे. गिझाच्या पिरॅमिडांशेजारी कामगारांची वस्ती सापडली, त्यांच्या भाकऱ्या भाजायच्या भट्ट्या सापडल्या, १९९० पासून त्यांच्या कबरी उजेडात आल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसवर लिहिलेली रोजनिशी मिळाली. ती मेरेर नावाच्या मुकादमाची. खुफू राजाच्या काळात त्याची टोळी तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे चिरे नावेत भरून नाईल नदीने गिझाला आणत होती, आणि कुठल्या दिवशी चिरे भरले, कुठल्या दिवशी उतरवले, मुक्काम कुठे केला, हे तो ओळीओळीने लिहून ठेवत होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे हजेरीबुक आहे. रोजगार हमीच्या कामावर ज्याने मस्टर पाहिलं आहे त्याला ते लगेच ओळखू येईल.

आणि आपल्या वाशिमचं? वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे. म्हणजे अजिंठ्याचं एक भव्य लेणं तरी विदर्भातून राज्य करणाऱ्या दरबाराच्या पैशावर उभं राहिलं. चोविसावं लेणं मात्र अर्धवट राहिलं आहे. तिथे गेलात तर घाई करू नका. कुठे छिन्नीने आखलेले चर आहेत, कुठे दोन चरांमधला दगड फोडायचा राहून गेलाय, कुठे खांब नुसता चौकोनी काढून ठेवलाय, नक्षी बाकी आहे. भिंतीवर छिन्नीचे घाव दिसतात. काम कसं केलं याची सगळी पायरी तिथे उघडी पडली आहे. वेरूळच्या कैलासाचंही तसंच: आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, वरून खाली कोरत आणल्यामुळे पाया भरायची किंवा परांची बांधत वर चढायची गरजच पडली नाही. ही बुद्धी कारागिराची.

अजिंठ्याचं काम अर्धवट का राहिलं, तर पाचव्या शतकाच्या शेवटी हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता ढासळली आणि पैसा आटला, असं अभ्यासक मानतात. कारागिरांच्या हातातलं कसब एका रात्रीत गेलं नव्हतं. छिन्नी तीच होती, हात तेच होते.

त्याहीपेक्षा जुनं बघायचं तर नागपूरपासून फार लांब जायला नको. काटोल रस्त्यावर जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, महापाषाण काळातली दफनं. माहुरझरीच्या उत्खननात तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेल्या घोड्याचे अवशेष मिळाले. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भातला माणूस मातीतून लोखंड काढत होता. आमच्या शाळांच्या सहली नागपूरच्या मॉलला जातात, नायकुंडला जात नाहीत. मग पोरांना पूर्वजांच्या हातांचा भरवसा कुठून येणार?

आता दुसरी गोष्ट, आणि मला जास्त बोचते ती हीच.

तिच्याकडेही इजिप्तमधूनच जाऊ, कारण ती तिथल्या लोकांनी आपल्या आधी भोगली आहे. राजांच्या थडग्यांमध्ये कोरीव काम आणि चित्रं करणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत. ते त्या देशातले निवडक कसबी कारागीर. पगार धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवीसनापूर्वी सुमारे ११५७ मध्ये, धान्य वेळेवर येईना. ‘आम्ही उपाशी आहोत’ असं म्हणत ते कामावरून उठले आणि देवळांच्या आवारात जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला हा सर्वांत जुना संप समजतात. त्याचा पपायरस आज इटलीत ट्यूरिनच्या संग्रहालयात आहे. त्यांची मेहनत कमी होती का? कसब कमी होतं का? धान्य पोचवणं ज्यांच्या हातात होतं त्यांनी ते वेळेवर पोचवलं नाही, म्हणून ते उपाशी होते.

विदर्भातल्या शाळांच्या भिंतींवर ‘उद्योगाचे घरी रिद्धीसिद्धी पाणी भरी’ असं रंगवलेलं असतं. मेहनत लागतेच, तिच्यावाचून वावरात काही उगवत नाही, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. प्रश्न असा आहे, की मेहनत केली म्हणजे उद्याची काळजी मिटते का? कापसाचा एक एकर घेऊ आणि हिशोबच मांडू. कोरडवाहू जमीन, मध्यम वर्ष, पाच क्विंटल उतारा धरू. बीटी बियाण्याची दोन पाकिटं, सुमारे १,८०० रुपये. नांगरणी, वखरणी, लागवड ४,५००. खत ४,५००. फवारण्या ४,५००. निंदण आणि डवरणी ५,५००. वेचणी किलोला दहा रुपये धरली तर पाच हजार. वाहतूक ७००. झाले २६,५०० रुपये. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, क्विंटलला सात हजारांचा भाव मिळाला तर हाती येतात ३५,०००. उरले साडेआठ हजार, तेही जूनपासून उलंगवाडीपर्यंतचे, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे, आणि यात घरच्या नवरा-बायकोची मजुरी नाही, सोसायटीच्या किंवा सावकाराच्या पैशाचं व्याज नाही. आता त्याच एकरात बोंडअळी आली किंवा ऐन बोंडं फुटताना पाऊस लागला आणि उतारा साडेतीन क्विंटलवर आला. वेचणीचे दीड हजार वाचले, खर्च पंचवीस हजारांवर थांबला, आणि आले साडेचोवीस हजार. पाचशे रुपये खिशातून गेले. दोन्ही वर्षी माणूस तोच, पहाटे उठायची वेळ तीच, अंगावरचा घाम तोच. अळीच्या वर्षी उलट दोन फवारण्या जास्तच झालेल्या असतात.

कापूस वेचणारीकडे बघितलं तर हे आणखी उघड दिसतं. सकाळी दव असतं तेव्हापासून बाया कपाशीच्या ओळींत उतरतात. कमरेला ओटी बांधलेली. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. पाचही बोटांनी कापूस एका झटक्यात ओढायचा आणि पालापाचोळा येऊ द्यायचा नाही, कारण कचरा दिसला की मालक बोलतो. दुपारपर्यंत नखांच्या कडा सोललेल्या असतात. संध्याकाळी धुऱ्यावर वजनकाटा टांगतात. अशाच एका वावरात मी विचारलं, ‘काकू, दिवसाले किती होते?’ त्या म्हणाल्या, ‘पयल्या वेच्यात चाळीसक किलो होते भाऊ. आखरीच्या वेच्यात दिवसभर वाकून बी वीस होत नाई.’ मजुरी किलोवर. शेवटच्या वेच्याला दर थोडा वाढतो, पण दुप्पट होत नाही. म्हणजे त्याच बाईने, तेवढाच वेळ, उलट बोंडं शोधत जास्त वाकून काम केलं, आणि घरी पैसे कमी आले. कोटवाल्या वक्त्याने तिला समोर बसवून सांगावं, तिची मेहनत कुठे कमी पडली.

यावर कुणी म्हणेल, गावात पुढे गेलेले लोक आहेतच ना! आहेत. मी त्यांची मेहनत नाकारत नाही. पण आपापल्या गावातली सुस्थितीतली दहा घरं डोळ्यांसमोर आणा. कुणाच्या घरी एक मास्तरकी आहे, कुणाचा भाऊ पोलिसात, कुणाचं वावर कालव्याला लागून, कुणाची जमीन रस्त्यात गेली आणि मोबदला मिळाला, कुणाचं कृषी केंद्र. ओलिताचा कास्तकार आणि कोरडवाहू कास्तकार सारखेच राबतात. ठरल्या तारखेला येणारा पगार, हक्काचं पाणी, मोबदला किंवा दुकान, यांपैकी एक तरी असल्याशिवाय निव्वळ कष्टावर निर्धास्त झालेलं घर मला आमच्या भागात दाखवता येणार नाही. तुम्हाला आलं तर जरूर दाखवा.

मग सुरक्षितता ठरते कुठे? ती माणसांनी केलेल्या निर्णयांत ठरते, आणि त्या निर्णयांना तारखा असतात, सह्या असतात. २०२५-२६ साठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आमचा कापूस घरात येण्याचा हंगाम. हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की माल परत. पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो आणि दुकानदाराची उधारी, दिवाळी, पोरांच्या फिया सगळं तेव्हाच दारात उभं असतं. त्यामुळे तो कापूस खेडा खरेदीवाल्याच्या गाडीत जातो, तो म्हणेल त्या भावाने. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं पाहा. बाग उभी करायला पाच-सहा वर्षं झाडं पोरांसारखी जपावी लागतात. बांगलादेशाने आयात शुल्क चढवत नेलं आणि इथे बागेत भाव पडले. त्यात वरूडच्या बागाईतदाराचा आळस कुठे होता?

हमीभाव ठरवताना सरकार उत्पादन खर्चाचे वेगवेगळे हिशोब करतं. ए-२ म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च. त्यात एफएल मिळवलं की घरच्या माणसांची मजुरी धरली जाते. सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही येतं. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला तो ए-२ अधिक एफएलच्या. शेतकरी संघटना मागतात तो सी-२ च्या. ही तीन नावं पानठेल्यावरच्या प्रत्येक पोराला पाठ असली पाहिजेत, कारण त्याच्या आईच्या निंदणाची किंमत दिल्लीत किती धरली जाते ते त्यांच्यात लिहिलेलं आहे.

महाराष्ट्राने एके काळी या बाबतीत देशाला वाट दाखवली. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. ‘काम मागितलं तर राज्य देईल’ हे म्हणणारं हे राज्य होतं. काम करण्याची तयारी लोकांत आहेच, तिला हमी राज्याने द्यायची असते, एवढं तेव्हाच्या राज्यकर्त्यांना कळत होतं. पीक विम्याच्या बाबतीत मात्र २०२३ मध्ये एक रुपयात विमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो बंदही झाला. दोन वर्षांत ज्याची उलटापालट होते त्याच्या भरवशावर कुणी कर्ज काढावं?

हे सगळं बाजूला ठेवून ‘तू कमी पडलास’ असं सांगण्याचा परिणाम काय होतो, हे विदर्भाला सांगायला नको. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी एकत्र जीवन संपवलं. त्या दिवसाची आठवण म्हणून आता दरवर्षी १९ मार्चला अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात. नापिकी आणि कर्ज माणसाला वाकवतात. त्यावर ‘दोष माझाच आहे’ ही शरम चढली की तो कुणाशी बोलायचा थांबतो. बायकोला सांगत नाही, मित्राला सांगत नाही, बँकेत जात नाही. ही शरम त्याच्या डोक्यात भरणाऱ्या भाषणांना शाळेच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठ मिळावं, फुलांचे हार मिळावेत, याचा मला मनापासून राग येतो.

पोरांनी व्हिडिओ पाहू नयेत असं मी म्हणत नाही. शिक्षकांना माझं सांगणं आहे, की यंदाची सहल अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यात, नायकुंडला किंवा लोणारला न्या आणि छिन्नीचे घाव हाताने चाचपायला लावा. गणिताच्या तासाला आठवीच्या पोरांना आपल्याच घरच्या एका एकराचा जमाखर्च मांडायला सांगा, आईच्या मजुरीसकट. कोटवाल्या वक्त्याला बोलवायचंच असेल तर तो हिशोब त्याच्यासमोर ठेवा आणि उत्तर मागा.

ग्रामसभांनी यंदा पोळ्याच्या आत दोन ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावेत. पहिला, तालुक्यातलं कापूस खरेदी केंद्र पहिला वेचा घरात येण्याआधी, वेचणीआधीच्या पूजेच्या, सीतादहीच्या सुमारासच उघडावं आणि ओल्या कापसासाठी तिथे वाळवण्याची जागा असावी. दुसरा, वेचणीचा दर हंगामाच्या सुरुवातीला चावडीवर लिहून लावावा, आणि शेवटच्या वेच्याला किलोवर मजुरी न देता दिवसाची मजुरी द्यावी. मालक म्हणतील, आम्हालाच परवडत नाही. खरं आहे, त्यांनाही परवडत नाही. म्हणूनच पहिला ठराव दुसऱ्याच्या आधी ठेवला आहे, आणि दोन्हींवर मालकाची आणि मजुराची सही शेजारी शेजारी हवी.